व्हय म्हाराजा

बाबांनी तुळशीसमोर नारळ धरला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. बाबा म्हणजे देवबागचे बाळा तारी, होडी लोटताना गाऱ्हाणं घालत, विहिरीचा पंप बंद पडला तरी घालत. आज तर लेकीची, संचिताची मुलाखत होती, मग काय विचारता!

"बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडू सावंतवाडीक मुलाखतीक जाता. तेचो आवाज आयत्या टायमाक पळान जाता. तो आज गळ्यात ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि संचिता एका सुरात म्हणाल्या.

आवाज पळून जायचा हे खरंच होतं. मालवणच्या मुलाखतीत तिला स्वतःचं नावही सांगता आलं नव्हतं, कुडाळला तर ती जिन्यावरूनच परतली होती. शेजारी म्हणाले, नाटकं. डॉक्टर म्हणाले, चिंताविकार. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि घाबरल्यावर मनात एखादा शब्द म्हणत श्वास लांब सोडायला शिकवलं. आजही आवाज गेला तर पुन्हा कुठे अर्ज करायचा नाही, असं संचिताने ठरवून टाकलं होतं. घरात कुणाला बोलली नव्हती.

सावंतवाडीच्या शाळेच्या व्हरांड्यातून तळं दिसत होतं. ती बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसली. मग व्हरांड्याचे खांब हलकेच डुलू लागले, सगळी शाळाच नांगर सुटून तळ्यावर तरंगत निघाल्यासारखी. कुणीतरी तिचं नाव पुकारलं. ती आत जाऊन बसली. समोरची तीन माणसं पाण्याखाली असावीत तशी दिसत होती. ओठ आधी हलत, शब्द मागाहून येत.

"प्रयोगशाळा सांभाळणं सोपं नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मुलं दंगा करतील. काचा फुटतील. आम्ल सांडेल."

संचिताने डोळे मिटले. शब्द शोधावा लागला नाही, सकाळचाच होता. ती श्वास सोडू लागली.

"या सगळ्यातून पोरांना सुखरूप ठेवाल ना?"

"व्हय म्हाराजा!"

मनातलं तोंडातून गेलं, तेही देवळात म्हणतात तसं खणखणीत. धरणी दुभंगेल तर बरं, असं तिला झालं. तिने घाबरत डोळे उघडले. टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या विज्ञानशिक्षकांचे हात आपोआप जोडले गेले होते. ते त्यांनी घाईघाईने खाली घेतले आणि नाकावरचा चष्मा टेबलावर शोधू लागले. मुख्याध्यापिकांनी तोंडासमोर फाईल धरली, पण खांदे गदगदत होते.

संचितालाही हसू फुटलं. हसता हसता छाती मोकळी झाली.

"माफ करा, मॅडम. मला चिंताविकार आहे, उपचार चालू आहेत. घाबरले की आवाज जातो. आता आलाय तर सांगते. आम्ल सांडलं तर आधी मुलांना बाजूला करीन. कुणाच्या हातावर उडालं असेल तर तो हात वाहत्या पाण्याखाली धरीन."

"बोला, सावकाश बोला," मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

शेवटी, कळवू म्हणाले.

बाहेर तळ्याच्या कठड्यावर बाबा बसले होते. येणार नाही म्हणून सकाळी शपथ घेतली होती. तिला बघताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"घात झालो गो! गाऱ्हाण्यात नोकरीचा मागूकच ईसारलंय!"

ती त्यांच्या शेजारी टेकली.

"ऱ्हवांदे, बाबा. आवाज मागितलास, तो देवान दिल्यान."

आणि ती आतलं सगळं सांगायला लागली, ती एसटी स्टँड येईपर्यंत थांबली नाही.