खिडकीसमोरची बाई

मी बोलतेय, भिंतीवरच्या चौकटीतून. मी चित्राची छापील प्रत. मूळ चित्र नॉर्वेच्या हॅरिएट बाकर बाईंचं. बायकांचं रंगकाम हौसेपुरतं मानायचे, त्या काळात त्यांनी घरात शिरणारा उजेड रंगवला. माझ्यातही एक बाई खिडकीपाशी मान खाली घालून हातातलं काम करत बसली आहे.

आयर्लंडमधल्या नावन गावच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मला डॉक्टर निशिगंधाने आणलं. तिची आई सांगलीला अशीच खिडकीशी तांदूळ निवडत बसायची. करोनात आई गेली, तेव्हा विमानं बंद होती. निशिगंधाला जाता आलं नाही. आईचा फोटो लावायचा तिला धीरच होईना. मला मात्र तिने खिडकीसमोर टांगलं. इथे उन्हाचं केवढं अप्रूप! त्या उन्हात माझा निळा रंग पार उडाला, पण तक्रार नाही.

मग तिचे वडील बाळासाहेब राहायला आले. डोळ्यांत मोतीबिंदू. दुसऱ्याच सकाळी त्यांनी बागेतल्या फुलांचा हार मला घातला, उदबत्ती लावली, आणि धुराचा अलार्म कोकलू लागला. पूर्वी, त्यांची नात, धावत आली. “आजोबा, दॅट्स नॉट आजी!”

निशिगंधाने तिला डोळ्यांनीच दटावलं. “छान दिसतोय हार, अप्पा.”

मग रोज हार. मला तो मान फार आवडायचा, पण खरं कळलं तर म्हाताऱ्याचं काय होईल, ही धाकधूकही असायची.

मग ते सांगलीला परतले, आणि यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून पुन्हा आले. निशिगंधाने आदल्या दिवशीच मला कपाटात, म्हणजे इथल्या भाषेत ‘प्रेस’मध्ये, दडवलं. अप्पा रिकाम्या भिंतीपुढे थांबले.

“हिला कुठे ठेवलंस गं?”

“अप्पा, ती आई नव्हती. तुम्हाला सांगायचा मला धीर झाला नाही.”

“आण तर खरी.”

त्यांनी मला खिडकीपाशी नेऊन निरखलं.

“बाई वेगळी आहे,” ते म्हणाले. “बसणं मात्र तुझ्या आईचंच.” मग बॅगेतून साडीत गुंडाळलेला एक फोटो काढून त्यांनी लेकीच्या हातात दिला. “आता हिलाही लाव.”

फोटो छातीशी धरून निशिगंधा खूप रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

आता मी परत माझ्या खिळ्यावर आहे. हार मला मिळणार नाही; थोडं वाईट वाटतं, लपवत नाही. खाली निशिगंधा हातोडी घेऊन जागा शोधते आहे. तिला एवढंच सांगायचंय: पोरी, आईला त्या कोपऱ्यातल्या सावलीत लाव. ऊन माझ्याच अंगावर येऊ दे.