सतरा नंबर

"वही आणलीत?" मुन्सफांनी विचारलं.

न आणून करतो काय! समन्सातच लिहिलं होतं, 'महारोगावरील शास्त्रीय संशोधनाची वही हजर करावी.' मी रत्नागिरीतल्या दवाखान्यातला साधा कंपाउंडर. सात वर्षं रविवारी गोळपपासून जयगडपर्यंत पायपीट करून रोग्यांच्या नोंदी केल्या, तेव्हा बायको म्हणायची, "रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी." आता सरकारी कागदावर 'संशोधन' वाचून माझी छाती फुगली. गाढव मी, दुसरं काय!

वहीत नावं नव्हती, नुसते आकडे. "नाव माझ्या तोंडून बाहेर जायचं नाही," असा शब्द दिल्यावरच लोक हात पुढं करत.

दावा रावजीचा. शिमग्यात त्याचा भाऊ वारला. भावाची आंब्याची बाग त्याच्या विधवेला, सावित्रीला जायची होती, आणि महारोग्याला वारसा नाही असा तेव्हाचा, सव्वीस सालातला, कायदा.

रावजीच्या वकिलांनी वही वाचली. "सतरा. बाई. डावा हात सुन्न, टोचलेलं कळत नाही. कंपाउंडर, हे सतरा नंबर कोण?"

"साहेब, मी शब्द दिलाय."

"तो घरी ठेवा," मुन्सफ म्हणाले. "सांगा, नाहीतर तुरुंगात चला."

माझ्या दोन मुली लग्नाच्या होत्या. मी बोट दाखवलं. सावित्रीकडे बघवेना.

ती मात्र घाबरली नाही. "ती गोष्ट जुनी, सायेब. डाक्तरांनी तेल दिल्यानी, आता माजा हात बरा हाय. सगला कलता माला."

मला 'डाक्तर' म्हणणारी जगात ती एकटीच.

वकील खूश झाले. "छान! मग मीट डोळे. कंपाउंडर, टोचा. शास्त्र तुमचंच ना?" त्यांनी कागदाची टाचणी काढून माझ्या हातात दिली. मुन्सफांनी मान डोलावली.

तिनं डोळे घट्ट मिटले, डावा हात पुढं केला. मी मनगट धरलं. टाचणी अजून वीतभर लांबच होती.

"लागली!" सावित्री म्हणाली.

मागं कोणी खिदळलं, मग सगळं कोर्ट हसलं. रावजीनं तर मांडीवर थाप मारली. तिला वाटलं, आपण जिंकलो. मिटल्या डोळ्यांनी तीही हसली.

"बरूबर ना, डाक्तर?"