बुधवारचं भांडण

"स्तंभलेखक? तुम्ही?" आमच्या दारावरची नवी पाटी वाचून शेजारचे मास्तर हसले. "अहो, स्तंभलेखक म्हणजे वर्तमानपत्रात ज्याची जागा ठरलेली, वार ठरलेला, आणि त्या वारी जो हटकून लिहितो तो. तुम्ही वाचकांच्या पत्रांत लिहिता. तेही डोकं फिरलं की!"

टपाल खात्यात दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात आमच्या यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर स्वतःचं लिहू लागले. गटार तुंबलं, लिहिलं. बस थांबली नाही, लिहिलं. मास्तर गेले तसे हे मुकाट्याने पाटीचे स्क्रू काढायला लागले.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. मी दोन इयत्ता शिकलेली, पण माझ्या दारावर काय राहायचं ते मी ठरवणार. चपला सरकवल्या आणि थेट संपादकाच्या टेबलापुढे जाऊन बसले.

"आजी, जागा देतो," तो पोरगेला संपादक वैतागून म्हणाला. "गुरुवारी, आतल्या पानावर. पण एक जरी गुरुवार चुकला, तर जागा गेली."

"चुकायला ते काय नळाचं पाणी आहेत?"

पहिल्याच बुधवारी हे कोऱ्या कागदापुढे डोकं धरून बसले. "सुचत नाही गं. राग आल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

एवढंच ना? त्या कामात माझा हात कोण धरणार? "तुमच्या बहिणीने लग्नात दिलेला पंखा अजून एकदाही फिरलेला नाही," मी सुरू केलं. तासाभरात लेख तयार: दुकानदारांची खोटी हमी! मग दर बुधवारी कधी यांचं घोरणं काढलं, कधी यांच्या भावाचं कर्तृत्व. एकही गुरुवार कोरा गेला नाही.

थंडीत मला तापाने धरलं. बुधवार उजाडला आणि तोंडातून शब्द फुटेना. तापापेक्षा त्या जागेचीच धास्ती जास्त. हे उशाशी येऊन बसले, मांडीवर कागद घेतला आणि दिवेलागणीपर्यंत खाली मान घालून लिहीत राहिले.

दुसऱ्या दिवशी छापलेलं वाचून दाखवलं. घरातल्या शांततेवर होतं. "ही बोलत नाही तेव्हा घड्याळ ऐकू येतं. मला ते आवडत नाही." आणि खाली ठळक अक्षरांत: लेखक आमचे स्तंभलेखक आहेत.

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अगं, कसं वाटलं?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण याची सवय लावून घेऊ नका. पुढच्या बुधवारी मी उठणार आहे."