मी चढावर का घसरलो

मी एक जुना सहाचाकी ट्रक आहे आणि मला डूख धरता येतो. मित्रांनो, यंत्राला मन नसतं, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल. शिकवणाऱ्याने चढावर कधी ट्रक उभा केलेला नसावा.

बारा वर्षं मी सिमेंटची पोती वाहिली. माझा पहिला चालक रोज सकाळी माझ्याभोवती फेरी मारायचा. टायर ठोकून बघायचा, ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेलं पाणी सोडायचा, खाली वाकून ब्रेक तपासायचा. "आधी गाडीची विचारपूस, मग आपला चहा," म्हणायचा. तो निवृत्त झाला आणि मी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उस्तादांच्या तावडीत सापडलो.

अवजड वाहनाचा परवाना हवा असणाऱ्यांना उस्ताद शिकवत. शिकाऊंना फेरी मारायला लावत, स्वतः मात्र अकरा वर्षांत एकदाही माझ्याखाली वाकले नाहीत. गिअर अडला की बुटाची लाथ. हँडब्रेक सैल झाला तेव्हा म्हणाले, "म्हातारा झालाय, कुरकुरणारच." त्याच दिवशी मी ठरवलं, यांची चढावर फजिती करायची. पण चढावर उस्ताद कधी स्वतः बसतच नसत. घसरायचो मी, आणि नापास व्हायचे ते बिचारे शिकाऊ.

त्यातलीच एक ताई. डेअरीत आठ वर्षं दुधाचे टँकर धुणारी. परीक्षेत चढावर थांबून हँडब्रेक ओढायचा आणि मागे न घसरता पुन्हा निघायचं, एवढ्यावर ती दोनदा नापास झाली.

"हात आहेत का लोणी?" उस्ताद म्हणाले. "टँकर धुणं आणि चालवणं यात फरक असतो, बाई."

"असतो ना. धुताना खाली वाकावं लागतं," ताई म्हणाली.

तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली तर वर्षभर थांबायचं, आणि डेअरीत चालकाची रिकामी झालेली जागा दुसऱ्याला जाणार.

त्या दिवशी परीक्षक बाई म्हणाल्या, "या गाडीवर फारच लोक घसरतात. उस्ताद, आधी तुम्ही दाखवा बरं."

"डोळे मिटून दाखवतो."

"उघडे ठेवलेत तरी चालेल."

उस्ताद फेरी न मारताच चढून बसले. चढाच्या मध्यावर त्यांनी हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पायही उचलला आणि बाईंकडे बघून हसले. खरं सांगतो मित्रांनो, जीव एकवटून मी तग धरू शकलो असतो. धरला नाही. मागे कुणी माणूस नाही हे पाहिलं आणि सावकाश, चवीचवीने घसरलो. मागच्या रिकाम्या ड्रमवर त्यांचा चहाचा पेला होता, तो ड्रमसकट आडवा केला. अकरा वर्षांच्या लाथा एका धक्क्यात फिटल्या.

सगळे शिकाऊ हसू दाबत होते. ताई हसली नाही. "बाई, दहा मिनिटं आणि एक पाना मिळेल?"

"परीक्षा चालवण्याची आहे."

"गाडी तपासणं त्यातच येतं ना?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं."

ताईने मला सपाटीवर आणलं, चाकांना लाकडी ठोकळे लावले. हवेच्या टाकीची कडी ओढली, तर तांबूस पाणी भळाभळा बाहेर आलं. मग ती खाली शिरली आणि ब्रेकचे सैल नट आवळू लागली. माझ्या पोटाखालून हळूच म्हणाली, "दोनदा पाडलंस मला. माझं काय चुकलं होतं रे?"

सूड उस्तादांवर उगवायचा म्हणून मी इतकी वर्षं भलत्यांनाच पाडत होतो.

त्यानंतर चढावर मी तसूभरही हललो नाही. ताई पास झाली. आता ती टँकर घेऊन समोरून आली की एक छोटासा हॉर्न देते.

आणि उस्ताद? रोजच्या तपासणीचा कागद त्यांनीच सही करून ठेवायचा, अशी बाईंनी सक्त ताकीद दिली आहे. म्हणून रोज सकाळी, सगळ्या शिकाऊंदेखत, ते माझ्यापुढे गुडघे टेकतात आणि कण्हत खाली वाकतात. मी एखादा थेंब तेल त्यांच्या कॉलरवर सोडतो. फार नाही, एकच.

मित्रांनो, तुमची सायकल असो नाहीतर आणखी काही, जे तुमचं ओझं वाहतं त्याच्याकडे रोज एकदा वाकून बघा. आपणहून वाकाल, तर कॉलर स्वच्छ राहील.