मोजणीत एक जास्त

बाईंनी सीटखालचा खटका सैल केला, सीट दोन बोटं खाली घेतली आणि वाटाड्याने मदतीला पुढे केलेला हात दिसलाच नाही असं दाखवलं. सायकलवर शेवटची टांग टाकून बारा वर्षं झाली होती. पण सायकलवरून शहर दाखवणाऱ्या या तिशीतल्या दाढीवाल्यापुढे ते कबूल करायला त्या तयार नव्हत्या.

"जमेल ना, आजी? चार वस्त्या आहेत. दोन तास तरी लागतील."

"तुम्ही तुमची घंटा सांभाळा."

त्याने हसून घंटा वाजवली आणि बोट नाचवत माणसं मोजली. "नऊ. चला."

नऊ बरोबर होते. बाईंनीही मोजले होते. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात एकतीस वर्षं छापील फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या सोळा-सोळा पानांच्या घड्या, मोजण्यात गेलेली. एक फर्मा कमी-जास्त झाला की अख्खं पुस्तक वाया. त्यामुळे चुकलेली मोजणी त्यांना खपत नसे. आणि गेले आठ महिने रोज सव्वादहाला त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीखाली हाच बाबा घंटा वाजवून माणसं मोजायचा, आणि रोज एक जास्त मोजायचा. खाली सात असले की हा ओरडणार, "आठ!" अकरा असले की, "बारा!" मग हळू आवाजात काहीबाही सांगायचा, मंडळी माना वर करून इमारत बघायची आणि निघून जायची. वर बाईंच्या डोक्याला ताप.

तो ताप आजच मिटवायला हवा होता. लेकीने सकाळीच निर्वाणीचं सांगितलं होतं.

"आई, माझ्याकडे राहायला यायचं की नाही, आज काय ते ठरव. उद्याची सामानाची गाडी सांगते. तिथं एकटी पडलीबिडलीस तर कोणाला कळणार आहे?"

शेजारच्या दोन्ही घरांत नवी माणसं आली होती. जिन्यात भेटली तर मोबाइलमधून मान वर न काढता बाजूला सरकत. कोणाला कळणार, हा प्रश्न खडा अडकल्यासारखा दाताखाली येत होता. बसवत नव्हतं, म्हणून त्यांनी या फेरीत नाव नोंदवलं होतं.

पहिली वस्ती सुतारांची. रंधे चालले होते, भुसा उडत होता. वाटाड्या रंगात येऊन सांगत होता, पण बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सगळे थांबले तरी त्यांचा पाय पायडल मागेपुढे करत राहिला. निघताना त्याने मोजलं, नऊ. गोदामांच्या वस्तीत नऊ. काचेच्या उंच इमारतींपाशीही नऊच. तिथं कोपऱ्यावर, एकेकाळी त्यांचा कारखाना होता त्या जागी, आता व्यायामशाळा होती. वाटाड्या तिथं थांबलासुद्धा नाही. बाईंना त्याचा भयंकर राग आला.

म्हणजे माणसाला मोजता येत होतं. मग आपल्याच गल्लीत का गडबडतो?

शेवटची वस्ती त्यांची. ओळखीच्या चढावर दम लागला, पण त्या उतरल्या नाहीत. आपल्याच दारासमोर, हेल्मेट आणि काळा चष्मा लावून, त्या पाहुण्यासारख्या उभ्या राहिल्या.

वाटाड्याने घंटा वाजवली. बोट फिरलं. नऊपर्यंत आलं, तसंच वर गेलं आणि तिसऱ्या मजल्याकडे अडलं. त्याने पुन्हा घंटा वाजवली, या वेळी जोरात.

"एक कमी आहे," तो म्हणाला.

"नऊच तर होतो आपण," एक जाडे गृहस्थ घाम पुसत म्हणाले.

"इथं दहा. वर त्या खिडकीत एक आजी असतात. इथं आलो की मी त्यांना धरूनच मोजतो. आठ महिन्यांत एक दिवस चुकल्या नाहीत."

"गेल्या असतील कुठंतरी."

"या वेळेला नाही जात." त्याने सायकल भिंतीला टेकवलीसुद्धा. इमारतीच्या दारावरची बटणं तो एकेक करून दाबत सुटला. तिसऱ्या मजल्यावरचं बटण त्याने तीनदा दाबलं. वर बाईंच्याच रिकाम्या घरातली बेल वाजली आणि थांबली. "तुम्ही थांबा इथंच. कोणीतरी खालचं दार उघडेल. वरचं मोडावं लागलं तर मोडू."

बाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. खिशातली किल्ली त्यांनी इतकी घट्ट धरली होती की तिचे दाते तळव्यात रुतत होते.

"मोडू नका," त्या म्हणाल्या. "चांगल्या लाकडाचं आहे. किल्ली माझ्याकडे आहे."

तो वळला. बाईंनी चष्मा काढला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं.

"घाबरवलंत," तो म्हणाला.

बाईंनी सायकल त्याच्या हातात दिली आणि त्या जिना चढू लागल्या. एरवी दुसऱ्या मजल्यावर टेकायच्या, आज टेकल्या नाहीत. खिडकी उघडली तेव्हा खाली अजून सगळे थांबलेले होते.

खिशातला फोन वाजला.

"आई, ठरलं का? गाडीवाल्याला काय सांगू?"

खाली घंटा वाजली. बोट एकेका माणसावरून सावकाश सरकत आठव्यापर्यंत गेलं आणि तिथून वर उचललं गेलं.

"थांब जरा," बाई म्हणाल्या. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. "मोजणी चालू आहे."