सात सामने आणि एक भोपळा

सहा सामने झाले, तरी अमेरिकेत आयोवातल्या एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा भोपळा काही फुटला नव्हता. साल १८९३. हा अमेरिकी फुटबॉल, चेंडू हातात धरून पळायचा. प्राचार्य टॉलिव्हरनी कप्तान अ‍ॅन्सेलला बोलावून सुनावलं होतं, "सातव्या सामन्यात निदान एखादा गुण दिसू दे. नाहीतर हा धसमुसळेपणा कायमचा बंद." अ‍ॅन्सेलने हे पोरांना सांगितलंच नाही. आधीच मार खाऊन अर्धमेली झालेली, त्यात आणखी हा धोंडा कशाला? हा टॉलिव्हर मोठा शहाणा लागून गेला!

सातव्या सामन्यात संघ अडतीस गुणांनी मागे होता. अगदी शेवटी गुस्ताव लिंडक्विस्टने चेंडू पोटाशी धरला आणि तो चिखल तुडवत निघाला. पाद्र्याचा पोरगा, अंगाने बैल. गोलरेषा दोन हातांवर आली, तोच समोरचे पाच जण त्याला उचलून मागे न्यायला लागले. त्या काळी चेंडूवाला स्वतः 'डाऊन' ओरडला तरच खेळ थांबायचा. तोवर ओढा, उचला, कुठेही न्या.

"ओरड ना मेल्या! ओरड!" अ‍ॅन्सेल बोंबलला. तिथेच थांबला असता तर दोन हातांसाठी आणखी प्रयत्न मिळाले असते. पण गुस्ताव कसला ओरडतोय! हवेत पाय झाडत मागे चालला होता.

अ‍ॅन्सेलला राहवेना. त्यानेच घोगरा आवाज काढून ठोकून दिलं, "डाऊन!"

पंचाने शिट्टी फुंकली. "कोण ओरडलं? तू?"

"छे हो साहेब," गुस्ताव वरूनच म्हणाला. "मी कशाला ओरडू? पाय चालतायत की माझे!"

लोक पोट धरून हसले. खेळ पुढे सुरू झाला आणि गुस्तावला अर्ध्या मैदानापर्यंत नेऊन आपटलं. वेळ संपली. टॉलिव्हर मान हलवत निघून गेले.

"गाढवा, एकदा खोटं बोलला असतास तर आकाश कोसळलं असतं का रे?" अ‍ॅन्सेल खेकसला.

गुस्तावचा ओठ फाटला होता, तरी स्वारी खुशीत. "चिडतोस काय? आज दोनच हात राहिले! उन्हाळाभर मामाच्या शेतावर राबतो, आणखी दणकट होऊन येतो. पुढच्या वर्षी घुसतोच बघ."

अ‍ॅन्सेलचा राग कुठल्या कुठे गेला. टॉलिव्हरची धमकी आता याला कोण सांगणार?

"ये की," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी कप्तान तूच."