कदाखालची क्लिप

नळीच्या आतल्या बाजूला रव्यासारखे पांढरे कण बसले होते. सकाळी नवऱ्याच्या पायाला बांधलेली कॅथेटरची पिशवी बदलताना श्यामलाबाईंनी नळी खिडकीपाशी उजेडात धरली. मागच्या खेपेला नळी बदलल्यावर हे कण सहाव्या आठवड्यात दिसले होते, यंदा तिसऱ्याच.

"अहो, आत खडा असेल. क्लिनिकची तीन पत्रं आलीत तपासणीची."

"गणपती होऊ दे, मग बघू," मुरलीधर म्हणाले. अकरा वर्षांपूर्वी मोटरवेवर अपघात झाला आणि छातीखालची संवेदना गेली. तेव्हापासून घरात ही नळी होती, आणि हे 'मग बघू'ही.

दुपारी कॉव्हेंट्रीतल्या त्या घरात चौदा माणसं जमली. कद नेसलेले मुरलीधर व्हीलचेअरवरून अथर्वशीर्ष म्हणत होते. सतराव्या आवर्तनाला त्यांचा आवाज अडखळला. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा. पाय मात्र गार!

"डोकं फुटतंय गं..."

श्यामलाबाईंनी कद बाजूला केला. पायाला पिशवीच नव्हती! नळी क्लिपने घट्ट बंद.

"देवापुढे पिशवी बरी नाही दिसत," ते पुटपुटले.

"वहिनी, एकवीसातली चारच आवर्तनं उरलीत," पूजा सांगणारे शेजारी शशिधर म्हणाले.

"बाप्पा थांबेल भावजी, नळी तुंबली की चढणारं यांचं ब्लड प्रेशर थांबणार नाही!"

अभिषेकाचं पातेलं खाली धरून त्यांनी क्लिप ओढली. गढूळ, लालसर धार लागली. तळाशी वाळू साचली.

"आई, टू हंड्रेड अँड टेन!" वडिलांच्या दंडाला ब्लड प्रेशरचं यंत्र लावून लेक स्वराली ओरडली. "क्लिनिकच्या कार्डवर लिहिलं आहे, नाही उतरलं तर अँब्युलन्स, नाइन नाइन नाइन!"

एकशे ऐंशी. एकशे साठ. एकशे तीस. कुणीतरी श्वास सोडला.

"तुम्हाला दुखत नाही, म्हणून बरं आहे असं वाटतं," श्यामलाबाई म्हणाल्या. "किडन्या जातील तरी कळायचं नाही. आणि चूक माझीही. अकरा वर्षं पिशवीवर शाल घालणारी मीच!"

"अण्णा," शशिधर हळूच म्हणाले, "मी कवळी लावून अथर्वशीर्ष म्हणतोय. बाप्पा चिडला का?"

मुरलीधर हसले, मग त्यांचे डोळे भरले.

वाचकहो, लाजेपायी झाकलेलं दुखणं बरं होत नाही, आत वाढत राहतं. नळीसोबत जगणाऱ्या माणसाला वेळेवर तपासणी हवी, आणि त्याबद्दल घरात मोकळेपणी बोलताही यायला हवं.

स्वरालीने कार्डवरचा क्लिनिकचा नंबर लावला आणि नेहमीसारखा फोन आईपुढे केला.

"आण, मी बोलतो," मुरलीधर म्हणाले. चारचौघांत कधी न उच्चारलेला शब्द त्यांनी चौदा माणसांपुढे स्पष्ट उच्चारला. "माझी लघवीची नळी तुंबतेय. रक्त येतंय. ती तपासणी मला करून घ्यायची आहे. आज बोलावलंत, तर आजच येतो."